हुंडी, चेक आणि मधले दिवस

‘चेक वटला’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ‘वटणे’ हे क्रियापद बँकांनी आम्हांस शिकविलेले नाही. ते पेढीवरचे आहे. हुंडी वटत असे, नाणे वटत असे, आणि ह्या अदलाबदलीत जी तूट धरावयाची तिला वटाव म्हणत. चेक परदेशातून आला खरा, पण त्याला वागविण्याची भाषा आम्ही सराफाच्या गादीवरूनच उचलली. भाषा तेवढी आली. तिच्याबरोबर जो हिशोब यावयास पाहिजे होता तो मात्र मागे राहिला, असे आमचे मत आहे. ते मत कशावरून बनले हे सांगण्यासाठी हा लेख.

हिशोब कशाचा, असे वाचक विचारतील. कागद हाती पडल्यापासून पैसा हाती पडेपर्यंत जे दिवस जातात, त्यांचा. हे दिवस कोणाच्या मालकीचे? देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या, की मधल्या बँकेच्या? आणि त्यांचे मोल कोणी कोणास द्यावयाचे? ज्याच्या घरी पुरेसा पैसा शिल्लक असतो त्यास हा प्रश्न सुचतही नाही. पण महिन्याचा पगार ज्यास चेकने मिळतो, त्याच्या वाण्याची उधारी, घराचे भाडे व मुलांची फी ह्या गोष्टी चेकवरील तारखेकडे पाहात नाहीत. त्या पैशाकडे पाहातात. आमच्या इतिहासग्रंथांत लढायांच्या तिथ्या घटकापळांसह निश्चित केलेल्या सापडतात. ह्या मधल्या दिवसांस मात्र कोणी पान दिलेले नाही.

ह्यासाठी उमरेडचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. मुंबई-कलकत्त्याच्या बँकांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु कागद आणि पैसा यांतील अंतर मोठ्या शहरात नजरेस पडत नाही. तेथे देणाऱ्याची बँक व घेणाऱ्याची बँक एकाच रस्त्यावर समोरासमोर असतात. अंतर दिसते ते तालुक्याच्या गावी. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५-५० किलोमीटरांवरील उमरेड हे असे गाव आहे. आज त्याची ओळख कोळशाच्या उघड्या खाणीवरून व जवळच्या अभयारण्यावरून होते. पण इंग्रजी अमदानीतील मध्यप्रांताची गॅझेटियरे उघडली, तर उमरेडचे नाव कोष्ट्यांच्या मागांसाठी आलेले दिसते. रेशमी काठाची सुती धोतरे हा तेथील विशेष माल. असा माल गावातल्या गावात खपत नाही. तो दूरच्या पेठांत जातो. माल गाडीवर घालून पाठविता येतो, पण त्याचे रुपये थैल्यांत भरून त्याच रानावनातून परत आणणे म्हणजे चोरांस आमंत्रण देणे. म्हणून रुपयांच्या ऐवजी कागद हिंडू लागला, आणि तो कागद म्हणजे हुंडी.

हुंडीविषयी सुशिक्षितांत एक चमत्कारिक गैरसमज आहे. ती काहीतरी अडाणी, बेकायदेशीर, कानगोष्टीवर चालणारी वस्तु असावी असे पुष्कळांस वाटते; अलीकडे वर्तमानपत्रांत ‘हवाला’ ह्या शब्दाशेजारी तिचे नाव येत असल्याने तर तिची अब्रू पारच गेली आहे. वस्तुतः हुंडी हा मोठा काटेकोर कागद होता. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून आकडा, अक्षर, रकमेची निमपट आणि त्या निमपटीची दुप्पट इतक्या प्रकारांनी तीच रक्कम लिहीत. हुंडी शाहजोग असेल तर ती पेठेतील माहीतगार शाहालाच देय असे. वाटेत कोणी पळविली तरी त्या भामट्यास तिचा उपयोग नसे. आजच्या दोन तिरप्या रेघांच्या चेकची ही थोरली बहीणच म्हणावयाची. मूळ हुंडी गहाळ झाली तर पैंठ लिहून देत, पैंठ गहाळ झाली तर परपैंठ. आणि पैसे चुकते होऊन हुंडी निकालात निघाली की तिचे नाव खोखा. एवढ्यानेही भागले नाही, म्हणजे ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती सकारलीच नाही, तर त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या पेढीने ती राखावी म्हणून धारकाजवळ जिकरी चिठ्ठी दिलेली असे. परगावी कागद घेऊन गेलेला मनुष्य पेढीच्या दारातून रिकाम्या हाताने परतू नये, ही काळजी त्या रीतीत किती होती हे पाहण्यासारखे आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हुंडीचे दोन मुख्य प्रकार: दर्शनी आणि मुदती. दर्शनी म्हणजे दाखविली की पैसे द्यावयाचे. मुदती म्हणजे लिहिल्या मितीपासून अमुक दिवसांनी द्यावयाचे. ही मुदत हुंडीच्या तोंडावर लिहिलेली असे. अर्थात् घेणारा ती घेतानाच जाणून असे की, आपला पैसा इतके दिवस आपला नाही. ह्या न मिळणाऱ्या दिवसांचे मोलही ठरलेले असे. ते हुंडणावळीत व व्याजाच्या कापणीत धरले जाई. अंतर लांब तर हुंडणावळ जास्त. पेठेत रुपयाची चणचण तर जास्त. पीक बाजारात येऊन पैसा खेळू लागला म्हणजे कमी. ज्याला मुदत सोसत नसे तो आपली हुंडी नागपुरास इतवारीत एखाद्या सराफाकडे नेऊन, दोन पैसे कमी घेऊन, तिथल्या तिथे मोकळा होई. थोडक्यात, वाट पाहणे ही सुद्धा एक जिन्नस होती. तिला भाव होता, आणि तो दोघांच्याही समक्ष ठरे.

सराफ हा संत होता असे सुचविण्याचा आमचा हेतु नाही. भाव ठरविताना अडलेल्याची अडचण तो पुरेपूर वसूल करी. शिवाय ही सगळी व्यवस्था व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली होती. उमरेडच्या ज्या कोष्ट्याच्या हातचे धोतर परमुलखी जाई, त्याच्या हाती हुंडी कधी पडत नसे. त्याच्या वाट्यास येत ते रोख रुपये, किंवा आधी उचललेल्या सुताची व रकमेची वजावट होऊन जे काय उरेल ते. त्याच्या हलाखीची कारणे निराळी होती. पण कागद हातात आहे व पैसा हातात नाही, ही स्थिति त्याच्या वाट्यास आली नव्हती. ती यावयास विसावे शतक उजाडावे लागले.

राजकीय घडामोडींत आम्ही फारसे शिरत नाही. १८३५ मध्ये कंपनीचा एकछाप रुपया निघाला, १८५३-५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत येऊन पोचली, आणि नाणेवटीवर जगणाऱ्या पेढ्यांचा निम्मा धंदा बसला. मात्र हुंडी बसली नाही. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, ज्यावर आजही आमच्या सर्व चेकांचा संसार चालतो, त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषेत लिहिलेल्या अशा कागदांविषयीचे स्थानिक रिवाज अबाधित राहतील असे म्हटले आहे. परक्या कायदेकारांनी देशी रिवाजास एवढे नमून वागावे, ही गोष्ट त्या काळात विरळाच.

चेकचा जन्म लंडनचा, आणि त्याचे क्लिअरिंग म्हणजे परस्परांच्या चेकांची अदलाबदल हे अपत्य तर कारकुनांच्या कंटाळ्यातून जन्मले. प्रत्येक बँकेचा कारकून रोज इतर सर्व बँकांच्या दारी जाऊन आपल्या चेकांचे पैसे गोळा करी. १७७० च्या सुमारास लोंबार्ड स्ट्रीटच्या आसपास ह्या मंडळींनी पायपीट वाचविण्यासाठी एका ठिकाणी जमून कागदाला कागद वजा घालण्यास व उरलेली बाकी तेवढी रोख देण्यास सुरुवात केली. मालकांस ती युक्ति पुढे पटली. पण ही सोय शहरातील बँकांपुरती. खेड्यापाड्यांतील बँकांवरील चेक ह्या व्यवस्थेत यावयास १८५८ साल उजाडले. इंग्लंडासारख्या मूठभर देशात शहराचा चेक व गावचा चेक एका पंगतीस बसावयास ऐंशी-नव्वद वर्षे लागली. तेव्हा आमच्याकडे काय झाले असेल याचा तर्क वाचकांनीच करावा.

समजा, उमरेडच्या एका शिक्षकास मुंबईच्या बँकेवरील चेक मिळाला. क्लिअरिंगमध्ये संगणक येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्याने तो आपल्या गावच्या शाखेत भरला. शाखेने शिक्का मारून तो नागपुरास धाडला; नागपूरने टपालाने मुंबईस धाडला; मुंबईच्या शाखेने तो तेथील क्लिअरिंग हाऊसमध्ये मांडला; तेथून तो ज्या बँकेवर काढलेला तिच्याकडे गेला; तिने सही ताडली, शिल्लक पाहिली, आणि काही खोट निघाल्यास परतीच्या फेरीत तो परत केला. परतीची वेळ टळून गेली म्हणजे चेक वटला असे धरावयाचे. मग वटल्याचे पत्र मुंबईहून नागपुरास, नागपूरहून उमरेडास. मध्ये रविवार आले, सण आले, बँकेच्या अर्धवार्षिक हिशोबाची सुटी आली. १९०८ पासून नागपूर ते नागभीड धावणारी नॅरोगेज गाडी, जी २०१९ मध्ये रुळांचे माप बदलण्यासाठी बंद झाली, तिच्या संथपणाची थट्टा त्या भागात पुष्कळ झाली. पण ती देखील नागपूरहून उमरेडास त्याच दिवशी पोचत असे. चेकचा पैसा तसा पोचत नसे.

आता ह्या प्रवासात पैसा कोठे असतो ते पाहावे. क्लिअरिंगमध्ये हिशोब मिटेपर्यंत तो देणाऱ्याच्या खात्यात असतो. म्हणजे त्याचे व्याज अथवा वापर देणाऱ्याचा. हिशोब मिटल्यानंतर शिक्षकाच्या खात्यात उतरेपर्यंत तो त्याच्या बँकेच्या हाती असतो; म्हणजे वापर बँकेचा. ज्याने महिनाभर काम करून तो मिळविला, त्याच्या हाती तो ह्यांपैकी एकाही दिवशी नसतो. हुंडीत जी मुदत तोंडावर लिहिली जाई, तीच येथे आहे. फक्त ती लिहिलेली नाही, आणि तिची हुंडणावळ घेणाऱ्याकडून न विचारता कापून घेतली जाते.

गंमत अशी की, कायद्याच्या पंचांगात हे दिवस अस्तित्वातच नाहीत. ह्याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. ‘प्रभाकर’ कंदील ज्यांच्या घरी नव्हता असे मराठी घर एके काळी शोधून काढावे लागले असते. तो कंदील करणारा ओगले बंधूंचा काच कारखाना औंध संस्थानच्या हद्दीत, ओगलेवाडीस होता. हिंदुस्थान सरकारला त्याने कंदील पुरविले, सरकारने किंमत चेकांनी दिली, आणि ते चेक कारखान्याच्याच सांगण्यावरून टपालाने ओगलेवाडीस आले. पुढे प्राप्तिकराचा प्रश्न निघाला. पैसा मिळाला तो कोठे व केव्हा? संस्थानात, चेक हाती आला तेव्हा. की ब्रिटिश हद्दीत, चेक टपालात पडला तेव्हा? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५४ मध्ये निकाल झाला की, चेक पुढे वटला असेल तर पैसे चेक स्वीकारल्या दिवशीच मिळाले असे मागे जाऊन धरावयाचे. आणि चेक घेणाऱ्याच्या सांगण्यावरून टपालात टाकला असेल तर टपालखाते हे घेणाऱ्याचे मुनीम समजावयाचे, म्हणून पैसे ब्रिटिश हद्दीतच मिळाले. कर द्यावा लागला. निकाल कायद्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण त्याचा अर्थ ध्यानात घ्यावा. करवसुली करणाराच्या दृष्टीने चेक आला त्याच दिवशी पैसा आला. चेक देणाराच्या दृष्टीनेही त्याच दिवशी त्याचे देणे फिटले. केवळ घेणाऱ्याच्या पासबुकात तो पुढे केव्हा तरी येतो. तीन पक्षांत तारखा दोन, आणि त्यांतील मागाहूनची तारीख नेमकी दुबळ्याच्या वाट्यास.

हे आमच्या जुन्या कामगार कायद्याच्या कर्त्यांस दिसले असावे असे आम्हांस वाटते. १९२९ ते १९३१ ह्या काळात कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारे रॉयल कमिशन देशभर हिंडले. नागपुरात १८७७ पासून जमशेटजी टाटांची एंप्रेस मिल चालू होती व गिरणीमजुरीचे प्रश्न मध्यप्रांतास नवे नव्हते. त्या चौकशीच्या पाठोपाठ १९३६ चा वेतनवाटप कायदा झाला. त्यात वेतनाचा काळ महिन्याहून जास्त असू नये, हजाराहून कमी माणसे असतील तेथे मुदत संपल्यापासून सात दिवसांत व इतर ठिकाणी दहा दिवसांत वेतन द्यावे, असे तर सांगितलेच. पण वेतन चालू नाण्यात वा चलनी नोटांत द्यावे, असेही स्पष्ट म्हटले. इंग्लंडात १८३१ मध्येच मजुरांस मालाच्या रूपाने पगार देण्याची चाल कायद्याने बंद केली होती. त्याच विचाराची ही परंपरा. मजुराच्या हातात कागद ठेवू नका, पैसा ठेवा, असा ह्या कलमाचा भावार्थ.

१९७६ मध्ये त्या कलमास एक खिडकी पडली. कामगाराने लेखी संमति दिल्यास चेकने अथवा बँकेच्या खात्यात वेतन देता येईल, असे ठरले. काळ बदलला होता आणि रोख रकमेच्या थैल्यांत धोकाही होता. त्यामुळे ही सुधारणा अवाजवी नव्हती. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने संमतीचीही आवश्यकता काढून टाकली. २०१९ च्या वेतन संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, जुना कायदाच रद्द करून त्याची जागा घेतली. तिच्यातही नाणे, नोटा, चेक, खात्यात जमा हे सारे मार्ग एका पंक्तीत आहेत. मालकाने सातव्या दिवशी चेक हाती दिला की त्याचे कर्तव्य संपते. तो चेक कोणत्या दिवशी वटून हाती यावा, ह्याची मुदत वेतनाच्या कायद्याने घातलेली नाही. १९३६ मध्ये जी गोष्ट ‘नाण्यात वा नोटांत’ ह्या तीन शब्दांनी साधली होती, ती ह्या रीतीने निसटली.

विदर्भातील शेतकऱ्यास हा अनुभव पगारदाराच्याही आधी आला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खाजगी व्यापाऱ्याच्या मापातील लबाडीतून शेतकरी सुटावा हा तिचा हेतु चांगलाच होता. पण कापूस केंद्रावर टाकल्यानंतर पैशाच्या ऐवजी चुकाऱ्याची वाट पाहणे सुरू झाले. ‘चुकारा’ हा शब्द वऱ्हाड-नागपुराबाहेरील वाचकांस कदाचित् नवा असेल. विकलेल्या मालाचे येणे असलेले पैसे म्हणजे चुकारा. चुकारे थकले, ही बातमी त्या योजनेच्या काळात आमच्याकडील वर्तमानपत्रांची वार्षिक ठेव होती. चेक आला तरी तो सहकारी बँकेतून, सोसायटीचे कर्ज कापून घेऊन, मग खाली उतरावयाचा. कर्ज कापण्यास विलंब होत नसे, ही गोष्ट शेतकरी विनोदाने सांगत; आम्ही ती तितक्या विनोदाने ऐकू शकलो नाही.

आमच्या स्वतःच्या पहिल्या वेतनाचा चेक परगावच्या बँकेवरील होता. कोणत्या संस्थेचा व कोणत्या बँकेवरील, हे सांगण्याचे येथे कारण नाही. तो जमा होईपर्यंत दुसऱ्या महिन्याचा पगार होण्याची वेळ आली. त्या अवधीत खानावळवाल्याने दाखविलेली सबुरी ही कोणत्याही बँकेच्या धोरणपत्रिकेत सापडावयाची नाही.

एवढ्यावरून बँका हेतुपुरस्सर पैसा दाबून बसतात असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. न वटलेल्या चेकवर पैसे देणे म्हणजे हमीवाचून कर्ज देणे, आणि खोट्या चेकवर पैसे उचलून पसार होणारे लोक आमच्याकडे कमी नाहीत. शिवाय एके काळी कायद्यानेच बँकेस उदारपणाची शिक्षा केली होती. १९०३ मध्ये इंग्लंडात, गॉर्डनच्या खटल्यात, उमरावांच्या सभेने असा निवाडा दिला की, जी बँक चेक वटण्याआधीच गिऱ्हाइकाच्या खात्यात रक्कम जमा करते ती वसुली करणारी आडती राहात नाही, स्वतःच चेकची धनी होते. म्हणून आडत्यास मिळणारे कायद्याचे संरक्षण तिला मिळावयाचे नाही. म्हणजे आधी पैसे देणारी बँक उघड्यावर, आणि गिऱ्हाइकास ताटकळत ठेवणारी बँक सुरक्षित! हा उलटा न्याय इंग्लंडाने १९०६ मध्ये नवीन कायदा करून सुधारला. आमच्याकडे १८८१ च्या कायद्यातील १३१ व्या कलमास स्पष्टीकरण जोडले गेले ते १९२२ मध्ये. तेव्हापासून आधी पैसे देण्यात बँकेस कायद्याची आडकाठी उरलेली नाही. उरली ती सवय.

ही सवय मोडावयाची कशी, ह्याचे उत्तर दोन देशांनी दोन प्रकारांनी दिले. अमेरिकेत बँकांच्या ह्या ‘अडकवणुकी’विरुद्ध एवढी ओरड झाली की, १९८७ मध्ये काँग्रेसने कायदाच केला: सरकारी चेकचे पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी, इतर चेकांपैकी पहिले शंभर डॉलर दुसऱ्या दिवशी, आणि बाकीच्यास स्थानिक व परगावचा असा भेद करून कमाल मुदत. गरिबास निदान भाजीपाल्याचे पैसे ताबडतोब मिळावेत, हा त्या शंभर डॉलरांचा अर्थ. २००१ च्या सप्टेंबरात विमाने जमिनीवर उभी राहिली तेव्हा चेकांचे गठ्ठे विमानतळांवर अडून पडले, आणि कागद हिंडविण्याऐवजी त्याची छबी हिंडवावी हा २००३ चा कायदा तेथे त्यानंतर झाला.

आमच्याकडे हे काम कायद्याऐवजी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांनी झाले. परगावच्या लहान रकमेच्या चेकचे पैसे ताबडतोब जमा करावेत, अशी सूचना तिने केली. तिची मर्यादा वाढत वाढत १५,००० रुपयांपर्यंत गेली. अट एकच की, खाते समाधानकारक रीतीने चालविलेले असावे. समाधान अर्थातच बँकेचे. ज्याच्या खात्यात महिनाअखेर काही उरत नाही, म्हणजे ज्यास ह्या सवलतीची खरी गरज, तोच ह्या परीक्षेत प्रथम नापास होण्याचा संभव. २००४ नंतर तर ही मर्यादा ठरविण्याचे काम ज्या त्या बँकेच्या संचालकांवर सोपविले गेले. मग २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने हस्तक्षेप केला, आणि मुदत कागदावर आली: राज्यांच्या राजधान्यांवरील चेकास सात दिवस, मोठ्या शहरांवरील चेकास दहा, आणि इतर ठिकाणच्या चेकास चौदा. उमरेड हे अर्थात् ‘इतर ठिकाण’. मुंबईच्या मनुष्याने उमरेडच्या शाखेवरील चेक घेतला तर त्यास चौदा दिवस ताटकळत राहावे लागेल, हे ह्या रीतीने अधिकृत झाले. तरीही आम्ही ह्या आदेशाचे स्वागतच करतो, कारण मुदती हुंडीप्रमाणे दिवस निदान लिहिले तरी गेले.

मोल मात्र हुंडीसारखे ठरले नाही. उशीर झाल्यास बँकेने आपल्या धोरणात दुसरा दर सांगितला नसेल तर, स्थानिक चेकबाबत, बचत खात्याच्या व्याजाने भरपाई द्यावी असा नियम आहे. दर साल दर शेकडा तीन धरला आणि २०,००० रुपयांच्या पगारास सात दिवस उशीर झाला, तर भरपाई सुमारे साडेअकरा रुपये होते. त्याच आठवड्यात त्या मनुष्याचा कर्जाचा एक हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर बँक त्याच्याकडून जो दंड घेते तो ह्या रकमेच्या शेजारी ठेवून पाहावा. इतवारीतल्या जुन्या सराफासही एवढा चढउतार मागण्याचे धैर्य झाले नसते.

कागदाचे हिंडणे पुढे थांबले. २००२ च्या दुरुस्तीने चेकच्या छबीस कायद्याची मान्यता मिळाली; २००८ मध्ये दिल्लीस, २०११ मध्ये चेन्नईस, २०१३ मध्ये मुंबईस छबीवर क्लिअरिंग सुरू झाले; आणि त्याबाहेर उरलेल्या शाखा, ज्या बहुतेक लहान गावांच्या होत्या, त्यांनाही त्यात आणण्यासाठी ३० सप्टेंबर २०२१ ही तारीख देण्यात आली. शहर व गाव एका पंगतीस बसण्याचे जे काम लंडनने १८५८ मध्ये केले, ते आमच्याकडे ह्या तारखेपर्यंत लांबले. पगारदारांचे पगारही आता बहुतांशी चेकविना, थेट खात्यात येतात. पण त्यातही १ ऑगस्ट २०२१ पर्यंत रविवारी व सुटीच्या दिवशी सामुदायिक पगाराची रक्कम खात्यात उतरत नसे. पहिली तारीख रविवारी आली तर पगार सोमवारी, आणि सोमवारी सण असेल तर मंगळवारी. यंत्रास रविवार नसतो, हे यंत्रास सांगावयास इतकी वर्षे लागली. आणि पैसा खात्यात उतरला म्हणजे हाती आला असेही नाही, हे १९१६-१७ च्या महायुद्धाच्या काळातले नव्हे, तर २०१६-१७ मधले शिक्षण आहे. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर आठवड्यास २४,००० रुपयांची मर्यादा पडली, आणि १ डिसेंबरचा पगार पासबुकात दिसत असूनही नोटांसाठी लोक रांगांत उभे राहिले.

ह्या सर्व सुधारणांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमलात आलेली. तोपर्यंत चेकांच्या छब्या ठराविक वेळी गठ्ठ्याने जात. तेव्हापासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत भरलेला चेक जसजसा येईल तसतसा पुढे पाठवावयाचा आहे. ज्या बँकेवर तो काढला असेल तिने संध्याकाळी ७ पर्यंत होय किंवा नाही हे कळवावयाचे. आणि न कळविल्यास तिने होय म्हटले असे धरावयाचे. हिशोब मिटल्यावर घेणाऱ्याच्या बँकेने एका तासात पैसे मोकळे करावयाचे. वेगापेक्षा ह्यातील ‘न कळविल्यास’ हे शब्द आम्हांस महत्त्वाचे वाटतात. परतीची वेळ टळली म्हणजे देणाऱ्याच्या बँकेचे मौन हा होकारच, असे जुन्या रीतीतही धरले जाई.  आता त्या मौनास त्याच संध्याकाळची मुदत पडली. आरंभीच्या आठवड्यांत, ऐन दिवाळीच्या तोंडावर, नवी व्यवस्था अडखळली व जुन्याहून अधिक दिवस लागल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. नव्या जोखडास बैल काही दिवस मान हलवितोच. तथापि हे सारे घड्याळ सुरू होते ते शाखेने चेकची छबी घेतल्यापासून. तालुक्याच्या गावच्या शाखेत दाराशी जी चेकची पेटी टांगलेली असते, ती दिवसातून किती वेळा व केव्हा उघडावयाची हे शाखाच ठरविते, आणि ठरलेल्या वेळेनंतर तिच्यात पडलेला चेक दुसऱ्या दिवसाचा धरला जातो.